१ मार्चच्या दोन नेमणुका

नववी-दहावीच्या वर्गात विज्ञानाचा इतिहास सांगू लागले की एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, फॅरडे तर धड शाळेतही गेला नव्हता. रामानुजन कॉलेजात नापास झाले. मग आम्हीच पदवीच्या मागे का धावायचे?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा खट्याळपणा असतो. ‘ते असामान्य होते, तू आधी गृहपाठ पूर्ण कर,’ असे म्हणून आपण विषय मिटवतो. आम्हीही पुष्कळदा असेच केले आहे. पण या उत्तराने आमचेच समाधान होत नाही. कारण प्रश्न नुसत्या फॅरडेच्या किंवा रामानुजनांच्या बुद्धीचा नाही. हातात प्रमाणपत्र नसलेल्या या तरुणांना कुणीतरी नोकरीवर घेतले. ते कुणी घेतले, काय पाहून घेतले आणि नंतर त्यांना कसे वागवले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर आपल्याला इतिहासात शोधता येते.

योगायोग असा की या दोघांच्या नेमणुकीची तारीख एकच आहे. मायकेल फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १ मार्च १८१३ रोजी रुजू झाला. श्रीनिवास रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत १ मार्च १९१२ रोजी रुजू झाले. मधे ९९ वर्षे गेली होती, आणि या ९९ वर्षांत नोकरीच्या दारावरची पाटी पार बदलली होती.

बांधलेली वही

फॅरडेचा बाप लोहार. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०५ मध्ये, मायकेल एका पुस्तकविक्रेत्याकडे बुकबाइंडिंगचे काम शिकायला राहिला. बांधायला येणारी पुस्तके तो वाचून काढी. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, सगळे नीट बांधले आणि ती वही डेव्हीकडे पाठवून दिली. सोबत नोकरीची विनंती होती.

तेव्हा जागा नव्हती. पुढे प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीबद्दल काढून टाकण्यात आले आणि डेव्हीला त्या वहीची आठवण झाली. मधल्या काळात स्फोटात डेव्हीच्या डोळ्याला इजा झाली असताना फॅरडेने काही दिवस त्याचे लेखनिक म्हणूनही काम केले होते. पगार ठरला आठवड्याला २५ शिलिंग, शिवाय इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, डेव्ही स्वतः लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याचा मुलगा होता. एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करून तो वर आला होता, त्याच्यापाशीही विद्यापीठाची पदवी नव्हती. दुसरी, त्याने फॅरडेची परीक्षा घेतली नाही असे मुळीच नाही. ती वही हीच परीक्षा होती. ऐकलेले समजले आहे का, हात नेटका आहे का, चिकाटी आहे का, हे सगळे त्या वहीत दिसत होते. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला याच गुणांची गरज असते. पुढे १८३१ मध्ये याच मदतनिसाने विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले. आपल्या घरातली वीज ज्या जनित्रांतून येते त्यांचा पाया तो शोध आहे.

वर्ग तीन, श्रेणी चार

रामानुजनांची गोष्ट वेगळ्या काळातली आहे. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात १९०४ साली त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. गणिताशिवाय कशातच लक्ष न घातल्यामुळे ती गेली. मद्रासच्या पच्चैयप्पा कॉलेजातून एफ.ए.ची परीक्षा ते दोन वेळा नापास झाले. १९०९ मध्ये लग्न झाले आणि कमाईची गरज उभी राहिली. वह्या काखोटीला मारून ते ओळखीपाळखीच्या लोकांचे उंबरे झिजवू लागले. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ दरमहा २५ रुपये पदरचे दिले.

फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी पोर्ट ट्रस्टकडे अर्ज केला. मॅट्रिक पास, एफ.ए.पर्यंत शिक्षण, पुढे परिस्थितीमुळे शिकता आले नाही, एवढीच पात्रता त्यात होती. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. महिना ३० रुपयांवर तिसऱ्या वर्गाच्या चौथ्या श्रेणीतला कारकून म्हणून त्यांना घेण्यात आले. कचेरीतले वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणिती होते. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग इंजिनिअर होते. या कारकुनाचे खरे काम खतावणीत नाही, हे दोघांनीही ओळखले. संध्याकाळी नारायण अय्यर आणि रामानुजन पाट्या घेऊन गणिते करीत बसत.

जानेवारी १९१३ मध्ये रामानुजनांनी केंब्रिजला हार्डी यांना ते प्रसिद्ध पत्र लिहिले. पुढच्या महिन्यात हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले असता स्प्रिंग यांनी त्यांना रामानुजनांच्या वह्या दाखवल्या. वॉकर यांनी विद्यापीठाला पत्र लिहिले. आता अडचण नियमाची होती. संशोधनवृत्ती एम.ए. झालेल्यालाच देता येत होती, आणि हा तर एफ.ए.सुद्धा नव्हता. विद्यापीठाच्या मंडळात यावर चर्चा झाली. तेव्हा कुलगुरूंनी विद्यापीठाच्या कायद्याच्या प्रस्तावनेकडेच बोट दाखवले. संशोधनाला उत्तेजन देणे हे विद्यापीठाचे एक काम आहे, असे तिथे लिहिले होते. नियम ज्या हेतूसाठी केला, तोच हेतू नियमामुळे मारला जात असेल तर काय करायचे, असा तो मुद्दा होता. रामानुजनांना महिना ७५ रुपये मंजूर झाले. पोर्ट ट्रस्टने त्यांना बिनपगारी रजा दिली.

पुढचा भाग आपण जाणतोच. १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथेही संशोधक विद्यार्थ्याला आधीच्या शिक्षणाचा दाखला लागे, ती अट त्यांच्यापुरती शिथिल झाली. १९१६ मध्ये संशोधनाच्या बळावर त्यांना बी.ए. मिळाली आणि १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

पाटी बदलली कशी?

फॅरडेच्या वेळी ‘तुझी पदवी काय?’ असे कुणी विचारले नाही. रामानुजनांना हा प्रश्न पावलोपावली आडवा आला. असे का व्हावे?

आपल्याकडे याचे एक मूळ १८४४ सालात सापडते. त्या वर्षी गव्हर्नर जनरल हार्डिंगने ठराव केला की सरकारी नोकरीत नव्या शाळांतून शिकलेल्यांना पसंती द्यावी. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. ही विद्यापीठे सुरुवातीला स्वतः शिकवीत नसत. कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्यांचे काम. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्यांतलेच. हळूहळू मॅट्रिक, एफ.ए., बी.ए. ही नोकरीच्या जिन्याची पायऱ्यांची नावे झाली. शिक्षण आणि नोकरी यांची गाठ इतकी घट्ट बसली की कचेरीतल्या कामासाठी शिकायचे की शिकलो म्हणून कचेरीत बसायचे, हे कळेनासे झाले.

पण परीक्षेची दुसरी बाजूही विसरता कामा नये. परीक्षेआधी काय होते? वशिला होता. घराणे, जात, साहेबाची मर्जी यांवर जागा मिळत. कंपनी सरकारच्या वरिष्ठ मुलकी नोकऱ्या तर संचालकांच्या शिफारशीनेच भरल्या जात. १८५५ मध्ये लंडनला स्पर्धापरीक्षा सुरू झाली तेव्हा ती पद्धत मोडली. ज्याला कुणी ओळखत नाही अशा माणसाच्या हातात परीक्षेच्या दाखल्याने एक हत्यार आले. फॅरडेला तिकिटे देणारे गिऱ्हाईक भेटले, रामानुजनांना कलेक्टर भेटले. ज्यांना असे कुणीच भेटले नाही, त्यांची नावे आपल्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही.

आणि हे हत्यार तरी सर्वांच्या हाती होते का? १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. रयतेच्या पैशातून उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्याचा फायदा वरच्या वर्गांना मिळतो, बहुजनांचे प्राथमिक शिक्षण मात्र मागे राहते, ही त्यांची तक्रार होती. वशिल्याची भिंत पाडणारी पदवी ज्यांना शाळाच मिळाली नाही त्यांच्यासाठी नवी भिंत ठरली.

एका वीजकेंद्रातली गोष्ट

ही नवी भिंत जाणूनबुजूनही बांधता येते, याचे उदाहरण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात घडले. ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर वीजकेंद्रात पाच विभाग होते. कृष्णवर्णीयांना फक्त ‘मजूर’ विभागात घेत. त्या विभागातला सर्वांत मोठा पगार इतर विभागांतल्या सर्वांत लहान पगारापेक्षा कमी होता. १९५५ मध्ये कंपनीने मजूर सोडून इतर विभागांत नव्याने येणाऱ्यांना हायस्कूलचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. १९६५ मध्ये वर्णभेदाविरुद्धचा नवा नोकरीविषयक कायदा लागू झाला, त्याच दिवसापासून लेखी चाचण्याही आणल्या. तिथे मुळातच कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या आणि निकृष्ट होत्या. त्यामुळे वर्णाचा उल्लेखही न करता दार बंद करता आले.

विली ग्रिग्ज आणि त्याचे सहकारी कोर्टात गेले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. अट घालायची तर तिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध दाखवा. नियमापूर्वी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले गोरे कामगार तीच कामे व्यवस्थित करीत होते, बढत्याही घेत होते. मग प्रमाणपत्र कशासाठी?

काम सर्जनचे, पगार झाडूवाल्याचा

एवढे वाचून ‘पदवीची अट काढून टाका, प्रश्न सुटला’ असे वाटेल. तसे नाही. व्हिव्हियन थॉमस हा नॅशव्हिलचा कृष्णवर्णीय तरुण सुतारकाम करून वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे साठवीत होता. मंदीत बँक बुडाली आणि पैसेही बुडाले. १९३० मध्ये सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉकने त्याला प्रयोगशाळेत घेतले. थॉमस काही काळातच नाजूक शस्त्रक्रिया करू लागला. पण पगारपत्रकात त्याची नोंद सफाई कामगाराची होती आणि पगारही तोच. पुढे दोघे जॉन्स हॉपकिन्सला गेले. जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया थॉमसने आधी कुत्र्यांवर करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लॅलॉकने ती प्रथमच एका बाळावर केली, तेव्हा थॉमस त्याच्या मागे स्टुलावर उभा राहून सूचना देत होता. शस्त्रक्रियेला नाव मिळाले ब्लॅलॉक आणि हेलन टाउसिग यांचे. थॉमसला त्या संस्थेने सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये.

ब्लॅलॉकने पदवी न पाहता माणूस घेतला, हे चांगलेच केले. पण ‘याच्याकडे पदवी नाही’ हीच गोष्ट त्याला कमी पगार देण्याची सबबही झाली. दार उघडले, पण आत बसायला पाट दिला नाही.

मग आपण काय म्हणायचे?

आपल्याकडे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवी आणि नोकरी यांची फारकत करण्याचा विचार मांडला होता. ज्या कामाला पदवीची खरोखर गरज नाही तिथून सुरुवात करायची होती. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा आणि अध्यापन यांना मात्र तो लागू होणार नव्हता. हा भेद आम्हाला योग्य वाटतो. डॉक्टरची चूक रोग्याच्या जिवावर बेतते, तेव्हा त्याचे शिक्षण आधी तपासलेच पाहिजे. पण टंकलेखन, हिशेब, दुरुस्ती, विक्री, प्रयोगशाळेतली मदत अशी असंख्य कामे करून दाखवता येतात. जे करून दाखवता येते त्यासाठी मालकाने कागद का मागावा? अर्जांचा ढीग कमी करायला, हे खरे उत्तर असते. ते मालकाच्या सोयीचे आहे, कामाच्या गरजेचे नाही.

म्हणून आमचे म्हणणे तीन भागांत आहे. अट कामाशी जोडलेली असावी. पदवी काढली तर तिच्या जागी उघड आणि सर्वांना सारखी अशी कामाची परीक्षा असावी, नाहीतर वशिला परत येईल. आणि काम सारखे असेल तर पगार व मान सारखा असावा.

शिक्षणाची किंमत याने कमी होत नाही. फॅरडेला गणित येत नव्हते. त्याच्या कल्पनांना समीकरणांचे रूप द्यायला केंब्रिजमध्ये शिकलेला मॅक्सवेल यावा लागला. अविभाज्य संख्यांबद्दलची रामानुजनांची काही विधाने चुकीची निघाली, कारण त्यासाठी लागणारे आधुनिक गणित त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. वर्गातल्या त्या खट्याळ प्रश्नाला आता उत्तर देता येईल: पदवी नसली तरी चालेल अशी कामे पुष्कळ आहेत, शिकल्याशिवाय चालेल असे एकही नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या दहा जाहिराती मुलांना कापून आणायला सांगा. प्रत्येकीत मागितलेली पात्रता एका रकान्यात आणि प्रत्यक्ष करावे लागणारे काम दुसऱ्या रकान्यात लिहू द्या. मग त्या कामाची अर्ध्या तासाची परीक्षा त्यांनाच तयार करायला सांगा. डेव्हीसमोर जशी वही आली, तसे या मालकासमोर काय ठेवता येईल, यावर मुले चांगली चर्चा करतात. काही जाहिरातींत पदवी का मागितली आहे ते त्यांना पटेल. काहींत ती का मागितली आहे, हे कदाचित आपल्यालाही सांगता येणार नाही.