पोट : देहातले आणि दप्तरातले

ज्या शब्दांवाचून आपला एक दिवस जात नाही, त्यांच्या कुळाची चौकशी आपण सहसा करीत नाही. ‘पोट’ हा असाच एक शब्द. आमची हयात सरकारी कागदांत गेल्यामुळे तो आम्हांस देहापेक्षा दप्तरातच अधिक भेटला. म्हणून त्याची ही थोडी विचारपूस.

संस्कृतात पोटाला ‘उदर’, ‘जठर’, ‘कुक्षि’ असे शब्द आहेत. आपला ‘पोट’ त्यांपैकी कोणातूनही आलेला नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाले’त जे देशी शब्द नोंदविले, त्यांत ‘पोट्ट’ म्हणजे उदर असे दिले आहे. तेलुगूत आजही ‘पोट्ट’ आहे. कानडीत ‘होट्टे’ आहे. तेथे शब्दारंभीच्या जुन्या ‘प’चा ‘ह’ झाला, जसे ‘पाल्’चे ‘हालु’. हा शब्द मुळात द्राविड की आर्य, यावर पंडितांत एकमत नाही. पण तो दख्खनच्या मातीत मुरलेला आहे एवढे खास. मराठी आणि कोंकणी यांत तर तो एकच आहे. घरी कोंकणी बोलणाऱ्या व देवळात मराठी कीर्तन ऐकणाऱ्या पेडणे-डिचोलीकरांना हे सांगावयास नको.

मराठीने या शब्दाचा संसार मोठा थाटला. पोट म्हणजे उपजीविका, म्हणून ‘पोटगी’. पोट म्हणजे गर्भ, म्हणून ‘पोटचे पोर’. पोट म्हणजे अंतःकरण, म्हणून अपराध ‘पोटात घालणे’. चौथा अर्थ दप्तरी : मोठ्याच्या आत सामावलेले लहान. पोटहिस्सा, पोटकलम, पोटजात, पोटनिवडणूक ही सारी त्याची लेकरे.

या अर्थाचे एक लेकरू आपल्या जमिनींवर बसले आहे. डिचोली व पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. त्यांच्या अमलात जमिनीच्या करनोंदवहीस ‘मात्रिझ’ म्हणत. हा शब्द लॅटिन ‘मात्रिक्स’वरून आला असून त्याचा एक अर्थ गर्भाशय! पुढे 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, 1968 साली जमीन महसूल संहिता आली, आणि नव्या मोजणीतून ‘एक-चौदा’चा उतारा हाती पडला. त्यात खाजन, केर, मोरड या गोमंतकीय शब्दांशेजारीच ‘पोटखराब’ हा रकाना आहे. परक्याचे दप्तर गेले, आपले आले. जमीन मात्र पोटातून पोटात गेली.

‘खराब’ हा अरबी शब्द. मूळ अर्थ ओसाड. शेताच्या पोटात जो भाग लागवडीस येत नाही, तो पोटखराब. त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग आहेत. शेजारच्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे ‘अ’ वर्गात कातळ आणि धारकाचे खळे किंवा शेतघर येते. ‘ब’ वर्गात रस्ता, वहिवाटीची पायवाट, इतरांच्या उपयोगाचे तळे वा ओहळ, स्मशान येते. म्हणजे सरकारने ज्यास खराब म्हटले, त्यातच गावाचे एकमेकांशी असलेले नाते नोंदले गेले आहे.

हे आज सांगण्यास कारण आहे. मोपा येथे डिसेंबर 2022 मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि पेडण्याच्या जमिनीकडे दूरदूरचे डोळे लागले आहेत. आपल्या जुन्या घराण्यांतील मुले-नातवंडे पुण्या-मुंबईस, परदेशी आहेत. व्यवहाराच्या वेळी ती उताऱ्यावर मालकाचे नाव व एकूण क्षेत्र पाहतात. ‘खराब’ शब्द दिसला की पुढे सरकतात. पण त्या चार-दोन आर गुंठ्यांत कोणाची तरी देवळाची वाट असू शकते, कोणाच्या विहिरीचे पाणी, कोणाच्या पूर्वजांची राख. वाट एकदा कुंपणाआड गेली की ती परत मिळविण्यास पिढी खर्ची पडते.

तेव्हा वाचकांस आमची विनंती एवढीच : उतारा हाती घ्याल तेव्हा त्याच्या पोटात काय आहे तेही वाचा, आणि घरातील तरुणांस समजावून सांगा. जमीन विकावी की राखावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जे आपल्या पूर्वजांनी गावासाठी पोटात घातले, ते आपण अजाणता गिळू नये.