कमी दिवसांच्या बाळाला मध-गुटी का नको? सगळा खेळ पोटातल्या जंतूंचा

हिंगोली : ३७ आठवडे भरायच्या आधी जन्मलेलं बाळ म्हणजे कमी दिवसांचं बाळ. असं बाळ घरी आलं की सेनगाव असो की कळमनुरी, घरातलं कुणीतरी मोठं माणूस बोटावर मध घेऊन पुढे येतंच. हेतू चांगला असतो. पण या बाळाचं आतडं अजून कच्चं असतं. शिवाय मधात कधी कधी असं जंतुबीज असतं, जे वर्षाखालच्या कुठल्याही बाळाच्या पोटात वाढून विष तयार करतं.

सगळे जंतू मात्र वाईट नसतात. बाळाच्या आतड्यात चांगले जंतू आईकडूनच येतात : जन्मताना, तिच्या अंगाला लागून आणि दुधातून. आईच्या दुधात काही साखरी अशा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात 'बायफिडो' नावाच्या चांगल्या जंतूंसाठी. हे जंतू वाढले की वाईट जंतूंना जागा उरत नाही.

कमी दिवसांच्या बाळाचं इथंच अडतं. ते आईपासून दूर काचेच्या पेटीत असतं, अँटिबायोटिक चालू असतं, दूध उशिरा मिळतं. तेवढ्यात त्रासदायक जंतू जागा धरतात. काही बाळांचं आतडं सुजून सडू लागतं. डॉक्टर याला 'एनईसी' म्हणतात आणि तो जीवघेणा ठरू शकतो. पावडरचं दूध पाजलेल्या बाळांत हा आजार जास्त आढळतो.

म्हणूनच पहिला पिवळा चीक फेकू नये. बाळ ओढत नसेल तर नर्स सांगतील तसा हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा नळीने द्यावा, थेंबभर का असेना. आईला दूधच येत नसेल तर दान केलेलं, तपासून तापवलेलं आईचं दूध कामी येतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी अशी दूधपेढी सुरू केली.

मग चांगल्या जंतूंची पावडर मेडिकलमधून आणून द्यावी का? ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ बाळांवर असा प्रयोग झाला. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. निकाल २०१७ मध्ये जाहीर झाला. पण ती बाळं दोन किलोच्या वरची होती. अगदी नाजूक बाळाला हेच जंतू रक्तात जाऊन बाधूही शकतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

घरी आल्यावर आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी येतात. प्रत्येक वेळी वजन करून घ्यावं. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसलं, बाळानं दूध सोडलं किंवा अंग गार पडलं, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालयाचा नवजात कक्ष गाठावा. नेताना बाळ आईच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून धरावं. वाटेत गुटी नाही, ग्लुकोजचं पाणीही नाही.