‘स्पर्श’च्या आधी आणि नंतर : सई परांजपे यांचे बालचित्रपट

सई परांजपे यांच्याविषयीचे बहुतेक लेख १९८० च्या ‘स्पर्श’पासून सुरू होतात, पुढे ‘चश्मे बद्दूर’ (१९८१) आणि ‘कथा’ (१९८३) यांच्यापाशी रेंगाळतात आणि तिथेच संपतात. हे तीन चित्रपट आहेतच तसे. पण त्यांची पूर्ण चित्रसूची समोर ठेवली, की दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव त्याआधीच दोनदा भेटते : ‘जादू का शंख’, १९७४, आणि ‘सिकंदर’, १९७६. दोन्ही मुलांसाठी केलेले, दोन्ही बाल चित्र समितीचे. सूचीच्या दुसऱ्या टोकाला आणखी दोन बालचित्रपट आहेत, ‘भागो भूत’ आणि २००५ चा ‘चकाचक’. मोठ्यांसाठीचे सगळे कथापट या दोन जोड्यांच्या मध्ये येतात. ही केवळ तारखांची गंमत नाही. उपलब्ध कागदपत्रे क्रमाने लावली, तर मुलांसाठीचे काम हाच त्यांच्या कारकिर्दीचा कणा दिसतो. ‘स्पर्श’ आणि ‘कथा’ त्यावर उभे आहेत.

कागदपत्रांच्या बाबतीत हे घराणे अभ्यासकाला फार उदार आहे. तीन पिढ्यांनी आपले आयुष्य स्वतः लिहून ठेवले. आजोबा रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे इंग्रजी आत्मचरित्र ‘एटी-फोर नॉट आउट’ १९६१ मध्ये आले. आई शकुंतला परांजपे यांचे ‘थ्री इयर्स इन ऑस्ट्रेलिया’ १९५१ चे, तर ‘काही आंबट, काही गोड’ १९७९ चे. सईंनी स्वतः ‘सय’ लिहिले, ते राजहंस प्रकाशनाने २०१६ मध्ये काढले. त्याचे उपशीर्षकच ‘माझा कलाप्रवास’ असे आहे. याखेरीज पुरस्कारांच्या याद्या आणि बाल चित्र समितीच्या सूची आहेत. आत्मचरित्र उतारवयात, आठवणींतून लिहिले जाते. याद्या त्या त्या वर्षी तयार होतात. म्हणून साल ठरवताना याद्यांना झुकते माप द्यायचे आणि का, कसे, कुणामुळे हे आत्मचरित्रांना विचारायचे, असा नेम मी इथे पाळला आहे.

पहिली नोंद जन्माची. १९ मार्च १९३८, मुंबई. वडील यूरा स्लेप्ट्सॉफ, जलरंगात काम करणारे रशियन चित्रकार, एका रशियन सेनापतीचे चिरंजीव. आई शकुंतलाबाई. त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकल्या, लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेतली आणि जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत नोकरीही केली. सईंच्या जन्माआधीच्या वर्षी, १९३७ मध्ये, त्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’ चित्रपटात दिसतात. केशवराव दात्यांनी रंगवलेल्या वृद्ध काकासाहेबांची शिकलेली, समाजसेवा करणारी मुलगी, ती ही भूमिका. मुलीच्या जन्मानंतर लवकरच आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि सई आजोबांच्या घरी वाढल्या.

वडील रशियन, मुलगी बालचित्रपटांची दिग्दर्शक, म्हणजे धागा मॉस्कोपर्यंत नेऊन भिडवण्याचा मोह होतो. मॉस्कोत १९३६ मध्ये खास मुलांच्या चित्रपटांसाठी ‘सोयुझदेतफिल्म’ हा सरकारी स्टुडिओ निघाला होता. १९४८ पासून तो गॉर्की स्टुडिओ म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि अलेक्सांद्र रोऊंसारख्या दिग्दर्शकाने परीकथांवर चित्रपट करण्यात तिथे आयुष्य घातले. पण नोंदी या तर्काला आधार देत नाहीत. वडिलांचा सहवास लहानपणीच संपला. गोष्ट सांगण्याची ओढ जिथून आली ती जागा पुण्यात आहे, फर्ग्युसनच्या टेकडीवर. तिथे अच्युत रानडे राहत. ते १९४०-५० च्या दशकांतले चित्रपट दिग्दर्शक आणि नात्याने सईंचे मामा. लहान सई त्यांच्याकडे जाई आणि ते तिला गोष्टी सांगत, पण त्या चित्रपटाची पटकथा ऐकवावी तशा, एकामागून एक प्रसंग डोळ्यांपुढे उभे करत. पुढे जी मुलगी लेखक आणि दिग्दर्शक एकाच वेळी झाली, तिचे पहिले शिक्षण हेच. इतक्या थेट पुराव्यापुढे रक्ताच्या वारशाचे तर्क मला फिके वाटतात.

आता एक मेळ घालून पाहू. रँग्लर परांजपे १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर होते. लेक आणि नात त्यांच्याबरोबर कॅनबेराला होत्या. शकुंतलाबाईंच्या १९५१ च्या पुस्तकाचे नावच ती तीन वर्षे सांगते. दुसरीकडे, सईंचे परीकथांचे पहिले पुस्तक ‘मुलांचा मेवा’ त्या आठ वर्षांच्या असताना छापले गेले. १९३८ मध्ये आठ मिळवले की १९४६ येते, म्हणजे नेमका कॅनबेराचा काळ. तेव्हा या मुलीच्या आजूबाजूचे जग इंग्रजी होते, आणि पुस्तक मात्र मराठीत आले. घरात मराठी किती पक्की राखली गेली असेल, याचा याहून बोलका पुरावा दुसरा नाही. मुलांसाठी लिहिणारी मोठी माणसे आपल्याकडे पुष्कळ झाली. मूल असतानाच मुलांसाठी लिहिलेले पुस्तक ज्यांच्या नावावर आहे आणि पुढची साठ वर्षे ज्यांनी तो वाचक सोडला नाही, अशी नावे फार थोडी.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. सई तिथे निवेदक म्हणून लागल्या आणि थोड्याच काळात मुलांच्या कार्यक्रमामुळे त्यांचे नाव झाले. तिथली एक ओळख महत्त्वाची ठरली, गोपीनाथ तळवलकरांची. ‘आनंद’ मासिकाचे संपादक म्हणून मराठी घराघरांतल्या मुलांना ते ठाऊक होते. तळवलकर, अरुण जोगळेकर आणि सई यांनी मिळून पुण्यात मुलांचे नाटक उभे केले. जोगळेकर पुढे सईंचे पती झाले. ‘पत्तेनगरी’, ‘शेपटीचा शाप’, ‘झाली काय गंमत’ ही त्यांच्या बालनाट्यांची नावे वाचली, तरी त्यांना मूल कशाने खुर्चीच्या कडेवर येऊन बसते हे कळले होते असे दिसते. मुंबईत सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी ज्या सुमारास मुलांची रंगभूमी घडवत होते, त्याच्या आगेमागेच पुण्यात हे चालले होते. मराठी बालरंगभूमीच्या इतिहासात पुण्याचे हे पान फार भरभर उलटले जाते, ही माझी तक्रार आहे.

रेडिओने त्यांना काय दिले, हे ‘कथा’ डोळे मिटून ऐकल्यावर कळते. मुलांच्या कार्यक्रमात चित्र नसते. आवाज कंटाळवाणा झाला की ऐकणारे मूल उठून खेळायला जाते. त्यामुळे वाक्य आखूड लागते, पात्र पहिल्या दोन वाक्यांत ओळखू यावे लागते, आणि गंमत समजावून सांगून चालत नाही. सईंच्या संवादांतला नेमकेपणा या शाळेतला आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून त्या १९६३ मध्ये बाहेर पडल्या. नाट्यदिग्दर्शक अल्काझी यांनी विद्यालयाची सूत्रे १९६२ मध्येच घेतली होती. मग दिल्ली दूरदर्शन. टेलिव्हिजन तेव्हा आकाशवाणीचाच एक विभाग होता, १९७६ मध्ये तो वेगळा झाला. तिथे निर्माती-दिग्दर्शिका म्हणून अनेक वर्षे गेली. १९७२ च्या ‘द लिटल टी शॉप’ या टेलिफिल्मला आशियाई प्रसारण संघाचा तेहरानमधला पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी मुंबई दूरदर्शनच्या उद्घाटनाचा कार्यक्रम त्यांच्याकडे सोपवण्यात आला. ते केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले.

यानंतर बाल चित्र समिती. तिची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय १९७४ आणि १९७६ या दोन नोंदींचे वजन कळणार नाही. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा, आणि राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. त्या पुरस्कारानंतर लगेच, मे १९५५ मध्ये, केंद्र सरकारने बाल चित्र समिती स्थापन केली. हृदयनाथ कुंझरू तिचे पहिले अध्यक्ष. पहिला चित्रपट केदार शर्मांचा ‘जलदीप’, १९५६. मुलांच्या चित्रपटाचा खर्च बाजार उचलत नाही, तो सरकारने उचलावा, हा विचार मॉस्कोने १९३६ मध्ये केला आणि दिल्लीने १९५५ मध्ये. सईंच्या कारकिर्दीत रशियाशी साम्य शोधायचेच, तर ते इथे सापडते, धोरणात.

फरकही मोठा. मॉस्कोत स्टुडिओ होता, नोकरीवरचे दिग्दर्शक होते. आपल्या समितीकडे एक एक चित्रपट एका एका दिग्दर्शकाकडे सोपवण्याची रीत होती. त्यामुळे हिंदी-मराठी नाटकातली माणसे या कामाकडे वळली. सुलभा देशपांडे यांनी ‘राजा रानी को चाहिए पसीना’ १९७८ मध्ये केला, तोही समितीसाठीच. रंगभूमीवर मुलांबरोबर काम केलेल्या दोन मराठी स्त्रियांना सत्तरच्या दशकात कॅमेऱ्यामागे उभे राहण्याची संधी बालचित्रपटाने दिली, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. मुंबईच्या व्यावसायिक हिंदी चित्रपटात तेव्हा दिग्दर्शक स्त्री शोधावी लागे.

आता ‘स्पर्श’च्या सालाचा प्रश्न. सूचींत १९८० दिसते. पण राष्ट्रीय पुरस्कारांत तो सत्ताविसाव्या वर्षात आहे, म्हणजे १९७९ च्या चित्रपटांत. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, नसिरुद्दीन शाह यांना अभिनयाचा, सईंना पटकथेचा, असे तीन पुरस्कार. हे पुरस्कार सेन्सॉरच्या प्रमाणपत्राच्या सालाने ठरतात, प्रदर्शनाच्या नव्हे. म्हणून दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण यातून एक गोष्ट निघते. ‘सिकंदर’ आणि ‘स्पर्श’ यांत अंतर जेमतेम तीन वर्षांचे आहे. मुलांचे चित्रपट संपवून मग काही काळाने मोठ्यांकडे वळणे, असा टप्पा इथे नाही. ‘स्पर्श’ घडतो तोही शाळेत. दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत त्याचे बरेचसे चित्रीकरण झाले, आणि त्यातली अंध मुले पाहताना एकदाही असे वाटत नाही की दिग्दर्शकाने त्यांना दया यावी म्हणून उभे केले आहे. ती मस्ती करतात, प्रश्न विचारतात, नाटकात भाग घेतात. ज्याने अनेक वर्षे मुलांचे नाटक बसवले आहे त्यालाच हे जमते. ‘कथा’ शं. गो. साठ्यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून आला. मुलांची जुनी गोष्ट मुंबईच्या चाळीत नेऊन तीत सशाला जिंकू द्यायचे! ‘चश्मे बद्दूर’मधल्या तीन मित्रांच्या थापा मुलांनी एकमेकांना मारलेल्या थापांसारख्याच आहेत.

पुढच्या नोंदी थोडक्यात. ‘दिशा’ (१९९०), ‘पपीहा’, ‘साज’. दारूबंदी चळवळीवरचा माहितीपट ‘चूडियाँ’, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. बाल चित्र समितीचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा सांभाळले. नाव झाल्यावर अनेकजण बालचित्रपटाला मानाने नमस्कार करून दूर होतात. सईंनी आधी त्याच्या कारभाराची जबाबदारी घेतली आणि मग पुन्हा स्वतः चित्रपट केले. ‘भागो भूत’चे साल काही ठिकाणी २०००, काही ठिकाणी २००१ आहे. ‘स्पर्श’सारखाच एक चित्रपट दोन सालांत विभागला गेला असावा. ‘चकाचक’ प्रदूषण आणि परिसर या विषयावरचा. तो आला तेव्हा त्या ६७ वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, त्यांना पद्मभूषण मिळाले. आईला ते १९९१ मध्ये मिळाले होते.

चारही बालचित्रपटांची नावे, ‘भागो भूत’ वगळता साले, आणि दिग्दर्शकाचे नाव कागदावर पक्के आहे. अडचण चित्रपट पाहण्याची आहे. ‘चश्मे बद्दूर’ आजही कुणालाही घरबसल्या पाहता येतो. २०१३ मध्ये त्याची डागडुजी केलेली प्रत चित्रपटगृहांत पुन्हा लागलीही होती. ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ यांच्या वाट्याला असे काही आले नाही. समितीचे चित्रपट मुख्यतः शाळांसाठी ठेवलेल्या खेळांतून मुलांपर्यंत जात, आणि ज्यांनी ते तसे पाहिले ती मुले आता साठीकडे झुकली आहेत. मार्च २०२२ मध्ये बाल चित्र समिती, फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ही सगळी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. त्यामुळे या चित्रपटांच्या जतनाची जबाबदारी आता एका छताखाली आहे.

बालनाट्याचे नशीब यापेक्षा बरे. संहिता छापलेली असली की सुट्टीत एखादी संस्था ते पुन्हा बसवते आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात नव्या मुलांपुढे ते नवे होऊन उभे राहते. चित्रपटाला तशी सोय नाही. त्याची प्रत जपावी लागते आणि कुणीतरी ती लावावी लागते. महामंडळाने सईंच्या चार बालचित्रपटांच्या स्वच्छ प्रती काढाव्यात, त्यांवर साले आणि श्रेयनामावली नीट द्यावी, आणि मराठी आवाज देऊन ते नाट्यगृहांना आणि पालिकांच्या शाळांना द्यावेत. नाट्यगृहे ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत आहेत, मे महिन्यात ती मुलांनी भरतातही. लेखिका-दिग्दर्शिका आपल्यात आहेत तोवर त्यांच्याकडून या चित्रपटांच्या निर्मितीची हकीगत चित्रपटागणिक लिहून घेण्याचे कामही एखाद्या विद्यापीठाने किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या १८९३ पासून पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेने याच वर्षी हाती घ्यावे.