पन्हळीची जागा कोण ठरवतं

महाराष्ट्राच्या नकाशावर पाऊस आणि पन्हळ यांची सांगड घालायला गेलं, तर ती उलटी बसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि तिथल्या जुन्या कौलारू घराच्या कडेला पन्हळ सहसा नसते. आढ्याचं पाणी वळचणीला येतं आणि वळचणीवरून पागोळ्यांनी अंगणात उतरतं. घाट चढून पूर्वेला माण, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात गेलं की पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि तिथलं जुनं माळवदाचं घर मात्र पन्हळीवाचून एक पावसाळाही धड काढू शकत नाही. घराला पन्हळ लागते ती पावसामुळे, असं आपण गृहीत धरतो. जुनी घरं वेगळंच सांगतात. पाऊस किती पडतो यावर पन्हळ ठरत नव्हती. छपरावरून सुटलेलं पाणी जिथे पडणार तिथे काय आहे, यावर ती ठरत होती. पायथ्याशी मातीची भिंत आहे, शेजाऱ्याची जमीन आहे की आपलंच मोकळं अंगण, या प्रश्नाच्या उत्तरातून पन्हळीची जागा निघत असे.

माळवदापासून सुरुवात करू, कारण पन्हळीचं काम तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं. तुळयांवर कडीपाट, त्यावर पाला किंवा काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड, चोपून घट्ट केलेला थर. ही माती ओली झाली की फुगते, कण एकमेकांत बसतात आणि पाणी खाली झिरपत नाही. मात्र हा गुण थोड्या वेळाच्या पावसापुरताच असतो. माथ्यावर पाणी तुंबून राहिलं तर थर मऊ होतो, सवण्याच्या (उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या) कडेने गळू लागतो, आणि वजन वाढून तुळया वाकतात. म्हणून माळवद दिसायला सपाट असलं तरी त्याला एका अंगाने किंचित उतार दिलेला असतो आणि कठड्याला त्या बाजूला भोक पाडून लाकडाची, दगडाची, पुढे पत्र्याची पन्हळ बसवलेली असते. ती भिंतीच्या अंगाला टेकून संपत नाही, चांगली हातभर बाहेर येते. खालची भिंतही मातीचीच असल्यामुळे तिच्यावरून ओघळणारी धार दोन-तीन पावसांत खोल चर पाडते. धार भिंतीपासून लांब फेकली गेली तरच घर वाचतं. पन्हळीखाली धार पडते तिथे दगड बसवायचा, ती दाराच्या वर येऊ द्यायची नाही, आणि पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पसरताना ती पन्हळीच्या तोंडाशी चढणार नाही हे पाहायचं: या साऱ्या गोष्टी एकाच चिंतेतून आल्या आहेत. पाऊस कमी असला तरी जी एखादी मोठी सर येते, तिचं पाणी मातीच्या घराला पेलत नाही.

कोकणात हे गणित सगळ्याच बाजूंनी बदलतं. छप्पर उतरतं असल्यामुळे पाणी माथ्यावर थांबतच नाही. जोतं जांभ्याचं असतं, तेही उंच. वळचण भिंतीपासून बरीच पुढे आलेली असते, आणि मध्ये पडवी असेल तर मुख्य भिंत पाण्यापासून आणखी दूर जाते. शिवाय भोवतीची जमीन घरमालकाचीच, उताराची आणि पाणी पटकन पिणारी असते. अशा घराला पन्हळ लावली तर काय होईल, याचा साधा हिशेब करता येतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, दोन पाख्यांचं घर घेतलं आणि तासाला ६० मिलिमीटरची सर धरली, तर तासाभरात सहा हजार लिटर पाणी छपरावरून उतरतं. दोन्ही वळचणी मिळून वीस मीटरची कड आहे. पागोळ्यांनी पाणी पडू दिलं तर कडेच्या दर मीटरवर मिनिटाला पाच लिटर येतं. ते खाली बसवलेल्या चिऱ्यांवर पडून उथळ चरातून माडा-पोफळीकडे जातं. प्रत्येक बाजूला एक पन्हळ आणि तिला एकच तोंड दिलं तर मिनिटाला पन्नास लिटर पाणी एका जागी आदळतं. पहिल्या पाण्याने अंगण ओलं होतं, दुसऱ्याने घळ पडते आणि जोत्याचा कोपरा उघडा पडतो. पन्हळ पाणी कमी करत नाही, गोळा करते. गोळा केलेलं पाणी नेऊन सोडायची सोय नसेल, तर पाणी विखरून पडू देण्यात कोकणातल्या सुतार-गवंड्यांचं मोठं शहाणपण होतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे शहाणपण नसून नाइलाज होता: पत्रा नव्हता, पैसा नव्हता, म्हणून पन्हळ नव्हती. पुरावा तसं म्हणू देत नाही. पोफळीचं किंवा माडाचं खोड उभं चिरून, आतला गाभा कोरून केलेल्या पन्हळी कोकणाला जुन्या परिचयाच्या आहेत. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बागेत आणि परसात अशाच पन्हळींनी आणलं जाई. छपराची दोन पाखं आतल्या बाजूला मिळून जिथे घळ तयार होते, तिथेही पन्हळ टाकल्याखेरीज इलाज नसतो, आणि तिथे ती टाकली जात होतीच. त्याहून फार मागे जायचं तर मुंबईतल्या कान्हेरीच्या डोंगराकडे पाहावं. दोन हजार वर्षांमागे सुरू झालेल्या या लेण्यांत डोंगराच्या पाठीवरचं पावसाचं पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींनी वळवून लेण्यांजवळच्या टाक्यांत सोडलं आहे. तिथल्या दानलेखांत पाण्याच्या ‘पोढी’ म्हणजे टाकी दान दिल्याचे उल्लेख येतात. पाण्याला वाट कशी द्यावी, उतार कुठे ठेवावा, मुख कुठे काढावं, हे कोकणच्या कारागिरांना नीट ठाऊक होतं. भिक्षूंना पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांसाठी पाणी साठवायचं होतं, म्हणून तिथे पन्हळी आल्या. परसात बारमाही विहीर असलेल्या घराला ती गरज नव्हती. माहिती असून वापरली नाही, तर त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पागोळ्यांचे शिंतोडे जोत्यावर उडतात, वाऱ्याबरोबर झड आत येते, लाकूड कुजतं. मग पन्हळ नसणं चांगलं कसं? शिंतोड्यांचा त्रास खरा आहे, आणि उंच जोतं व पुढे काढलेली वळचण ही त्यावरचीच तोड आहे. झडीचं मात्र वेगळं. ती छपरावरून पडत नाही, आभाळातून तिरपी येते. पन्हळ तिला अडवू शकत नाही. तिच्यासाठी पडवीला झाप बांधावे लागत आणि ते दर वर्षी नव्याने विणावे लागत. या कामाचे कष्ट मोठे होते, विशेषतः घरातल्या बायकांचे आणि गड्यांचे. जुन्या घराचं गुणगान करताना ते झाकून ठेवू नयेत. पण त्या कष्टांवर पन्हळ हा उपाय नव्हता, एवढंच इथे म्हणायचं आहे.

आता शेजारी. घरं एकमेकांना भिडली की पागोळी ही खासगी बाब राहत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीच्या वादांचे नियम आहेत, त्यांत या गोष्टीला बारकाईने हात घातला आहे. लागून असलेल्या दोन घरांच्या छपरांच्या कडांत चार अंगुळं अंतर हवं, नाही तर एक छप्पर दुसऱ्यावर चढलेलं हवं. पाण्याच्या वाटेचं माप तीन पद किंवा दीड अरत्नी असं दिलं आहे आणि नियम मोडणाऱ्याला ५४ ‘पण’ (त्या काळची नाणी) दंड. पावसात पाण्याची वाट मोकळी ठेवली नाही तर १२ पण. बृहस्पतिस्मृती याच्या पुढे जाते: घर वसलं तेव्हापासून असलेली खिडकी किंवा पाण्याची वाट शेजाऱ्याने बंद करू नये. इंग्रजी अमदानीत १८८२ चा सुविधाधिकार कायदा झाला आणि १८९१ साली तो मुंबई इलाख्याला लागू झाला. वीस वर्षं उघडपणे, हक्काने आणि अडथळ्यावाचून चालत आलेली वहिवाट त्याने हक्क म्हणून मान्य केली. त्या कायद्यातलं एक उदाहरण थेट वळचणीचं आहे: माझ्या वळचणीचं पाणी तुमच्या जमिनीवर पडण्याचा हक्क मला असला, तरी तुमच्या जमिनीवरचा भार वाढेल अशा रीतीने वळचण पुढे काढण्याचा हक्क मला त्यातून मिळत नाही. रोमन कायदेपंडितांनी तर छपरावरून ठिबकणारं पाणी आणि पन्हळीतून धार होऊन येणारं पाणी, असे दोन वेगळे हक्क मानले होते. पन्हळ लावणं म्हणजे पाण्याचं रूप बदलणं, आणि त्याबरोबर शेजाऱ्यावरचं ओझं बदलणं, हे या सगळ्यांनी ओळखलं होतं.

मग कोकणात आणि घाटावर कौलारू घरांना पन्हळ आली कधी? माझ्या मते तीन बदल एकमेकांत मिसळल्यावर. १८६५ साली बासल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला. कुंभाराच्या नळीच्या कौलांची कड वेडीवाकडी असे आणि दर वर्षी ती कौलं चाळावी लागत. अशा कडेखाली पन्हळ एका रेषेत बसवणं जिकिरीचं. मंगळुरी कौलं एकसारख्या मापाची, रिपांना अडकून बसणारी. त्यांनी वळचणीला सरळ कड दिली. दुसरा बदल पत्र्याचा. लंडनमध्ये १८२९ साली पन्हाळी पत्र्याचं पेटंट निघालं, पुढे जस्ताचा मुलामा आला, आणि न कुजणारी हलकी पन्हळ कुणालाही वाकवून करता येऊ लागली. तिसरा बदल जमिनीचा, आणि तोच निर्णायक. गिरगाव-परळच्या चाळी रस्त्याला आणि एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या; पागोळ्या झेलायला अंगण उरलं नाही. तिथे कडेला पन्हळ आणि भिंतीला बिडाचे उभे पाइप आले. लंडनमध्येही १७२४ च्या बांधकाम कायद्याने छपराचं पाणी पाइपांनी खाली आणायला लावलं, तेही दाटीमुळेच. फक्त कौलं आणि पत्रा आले असते आणि अंगणं तशीच राहिली असती, तर पन्हळ इतकी पसरली नसती. एरवी मंगळुरी कौलांची कितीतरी घरं खेड्यांत आजही पागोळ्यांवरच उभी आहेत, याचा उलगडा होत नाही.

आज कोकणातही जागा तुटपुंजी झाली आहे आणि वळचण आखूड. भिंत सिमेंटची असते, पण पाणी तिच्यातही मुरतंच. तेव्हा पन्हळ नको, असा आग्रह धरणं चुकीचं ठरेल. मला पटत नाही ती फक्त बसवण्याची रीत. फॅब्रिकेटर येतो, कडेला ब्रॅकेट ठोकतो, पन्हळ चढवतो, आणि तोंड जिथे सोपं पडेल तिथे काढतो, बहुधा जोत्याच्या कोपऱ्यावर किंवा शेजाऱ्याच्या कुंपणाकडे. क्रम उलटा हवा. आधी पाणी कुठे जाणार ते ठरवावं: विहिरीजवळचा शोषखड्डा, टाकी, की गावाचं गटार. त्यावरून उभ्या पाइपची जागा निघते आणि पाइपवरून उताराची दिशा. उतार दहा फुटांना पाव ते अर्धा इंच पुरतो. जास्त दिला तर पन्हळीचं दुसरं टोक कौलांपासून फार खाली जातं आणि पाणी तिच्यावरून उडी मारतं. कौलाची कड पन्हळीच्या आत साधारण एक तृतीयांशापर्यंत यावी. बाहेरचा काठ आतल्या काठापेक्षा थोडा खाली ठेवावा, म्हणजे पानांनी तोंड तुंबलं, किंवा २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तसा पाऊस आला, तर पन्हळ भरून बाहेरच्या अंगाने सांडेल, भिंतीच्या अंगाने नाही. आणि पन्हळ लावली म्हणून वळचण कापू नये. सांडलेलं पाणीही भिंतीपासून दूर पडायला हवं, आणि तेवढं अंतर पन्हळ देत नाही, वळचणच देते.