परवान्यातून सुटलेली घरची बिअर

इंग्लंडमध्ये घरापुरती बिअर करणे हे शतकानुशतके गृहिणीच्या कामांपैकीच एक होते. मात्र माल्टवर, म्हणजे भिजवून मोड आणून वाळवलेल्या जवावर, कर असल्याने ही बिअरही पूर्णपणे करमुक्त नव्हती. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी तो कर रद्द करून आंबवण्यापूर्वीच्या रसाच्या घनतेनुसार बिअरवरच कर बसवला आणि घरी बिअर करणाऱ्यांनाही परवाना सक्तीचा केला, त्यामुळे अधिकृत नोंदींत घरची बिअर पुढे विरळ होत गेली. चोरून केलेली बिअर अर्थातच त्या नोंदींत येत नसे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी परवान्याची अट काढली, विक्रीची बंदी तेवढी ठेवली, आणि गरजेचे जुने काम छंद म्हणून फोफावले. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्येच उठली होती, पण घरच्या बिअरला संघराज्याची करमुक्त मोकळीक १९७८ च्या कायद्यानेच मिळाली.