धनुष्कोडीचा लुप्त लोहमार्ग

आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या दिवशीं एका पडलेल्या देवळाची आठवण काढणें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु रामेश्वर बेटाच्या टोंकास, धनुष्कोडी येथें, छप्पर नसलेलें एक ख्रिस्तमंदिर वाळूंत उभें आहे. आणि लंकेस जाणाऱ्या लोहमार्गाचें इकडील शेवटचें स्टेशन त्याच गांवीं होतें.

पूर्वीं मद्रासेहून कोलंबोस जाणारा उतारू तुतिकोरिनपर्यंत आगगाडीनें व पुढें आगबोटीनें जाई. ता. २४ फेब्रुवारी १९१४ रोजीं पांबनचा पूल खुला झाला. सुमारें सव्वा मैल लांबीच्या या पुलाचा एक गाळा गलबतांना वाट देण्यासाठीं दोन पाखांनीं उघडत असे. पांबनपासून पंधरा मैल रूळ थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत गेले. समोर सुमारें वीस मैलांवर तलैमन्नार. तेथून पुन्हा आगगाडी. या जोडगाडीस लोक 'बोट मेल' म्हणत. साहेबांबरोबर चहाच्या मळ्यांवर जाणारे गरीब मजूरहि याच वाटेनें गेले, हें विसरूं नये.

ता. २२ डिसेंबर १९६४ च्या मध्यरात्रीं चक्रीवादळ बेटावर कोसळलें. पांबनहून बाराच्या सुमारास निघालेली सहा डब्यांची पासिंजर धनुष्कोडीनजीक पोहोंचली, तों सिग्नलचा दिवा नाहीं, चोहोंकडे काळोख. कांहीं वेळ थांबून ड्रायव्हरनें शिट्टी दिली व गाडी पुढें हांकली. त्याला दोष कोण देईल? स्टेशन हांकेच्या अंतरावर होतें. इतक्यांत समुद्राच्या लाटेनें सबंध गाडीच गिळली. शंभरांहून अधिक माणसें गेलीं. तारा तुटल्यामुळें बाहेरच्या जगास ही बातमी फार उशिरां कळली.

पांबनचा पूलहि मोडला होता. ई. श्रीधरन् या तरुण एंजिनियराच्या देखरेखीखालीं समुद्रांत पडलेले गर्डर वर काढून अवघ्या ४६ दिवसांत तो पुन्हा चालू झाला. त्या पुलाची कीर्ति सर्वत्र गाजली, व तें योग्यच. पण पुढच्या पंधरा मैलांस कोणीं हात लावला नाहीं. सरकारनें गांवच वस्तीस अयोग्य ठरविलें. आगबोट कांहीं वर्षें रामेश्वराहून सुटत असे; लंकेंतील यादवींत तीहि बंद पडली.

कोळ्यांचीं कांहीं कुटुंबें मात्र परतलीं व झोंपड्या बांधून राहिलीं. समुद्र सोडून तीं जाणार तरी कोठें? २०१७ सालीं टोंकापर्यंत सडक झाली. वाटेंत स्टेशनाच्या मोडक्या भिंती दिसतात.