केडगावच्या छापखान्यातल्या बाया

बचत गटाची अध्यक्ष निवडायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मला नाही बाई जमायचं, मला कुठं लिहिता येतं?" आज ज्या बायकांची गोष्ट सांगणार आहे, त्यांना अक्षर तर सोडाच, दोन वेळची भाकरीसुद्धा मिळत नव्हती.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८५८ चा. वडिलांनी आईला संस्कृत शिकवलं, आईनं रमाला. दुष्काळात आईवडील, बहीण, सगळे डोळ्यांदेखत गेले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं ख्रिस्ती झाल्या. तिथं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवलेलं बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी ते मुकाट्यानं ऐकलं नाही. आपल्या देशात पुरुषांनी भरलेल्या सभांत व्याख्यानं देत फिरलेली बाई ती! धर्म नवा, पण बाईला मागं बसवायची खोड जुनीच, असं मला हे वाचताना वाटलं.

परत आल्यावर १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला नेलं. मुली ख्रिस्ती होतील या भीतीनं १८९३ साली मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, कितीतरी मुली घरच्यांनी काढून नेल्या. त्या मंडळींचा राग अगदीच बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. पण विधवा मुलींसाठी दार उघडं ठेवणारी घरं तेव्हा होती तरी किती?

मग १८९६ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली-बाया घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून दौंडजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या सुमारास तिथं दीड हजारांवर माणसं होती.

एवढ्यांना सांभाळणार कोण? बाहेरून नोकर आणायला पैसा नव्हता, आणि रमाबाईंचा तो विचारही नव्हता. जिला थोडं येतं तिनं दुसरीला शिकवायचं, थोरलीनं धाकट्या मुलींकडं बघायचं. शेत, गोठा, तेलघाणी, हातमाग, स्वयंपाक, सगळं बायकांच्या हातात. आंधळ्या मुली बोटांनी ब्रेल वाचायला शिकल्या. १९०५ च्या सुमारास तरुण मुलींच्या टोळ्या प्रार्थना करून आसपासच्या गावांत येशूची वचनं सांगायला निघू लागल्या. अशा बायकांना त्या काळी 'बायबल वुमन' म्हणत. चर्चमध्ये उपदेश करायची जागा पुरुषांची होती, पण बायकांच्या चुलीपर्यंत पोचायचं तर बाईच लागायची.

मला सगळ्यांत भावतो तो छापखाना. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी सबंध बायबल मराठीत आणलं. आधीचं भाषांतर होतं, पण त्यातले संस्कृत शब्द खेड्यातल्या बाईला कळत नसत. संस्कृताची एवढी मोठी पंडिता, पण तिनं मुद्दाम साधी मराठी घेतली. त्याचे खिळे जुळवले मुक्तीतल्या मुलींनी, छपाईही त्यांनीच केली. देवाचं वचन कोणत्या शब्दांत सांगायचं, हे एका बाईनं ठरवलं.

रमाबाईंच्या मागं काम बघेल अशी लेक मनोरमा १९२१ साली वारली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. छापखाना थांबला नाही. पुरं बायबल १९२४ साली छापून झालं.